आहुप्याची गारंबी समुद्रात जाते

आज, शनिवारी, सकाळी अकरा चाळीसला, आपल्या जुन्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनातून आहुप्याच्या सातवीतल्या एका मुलीला बाहेर काढलं. मंडळी, मी तिथेच उभी होते.

तिच्या टेबलावर पाण्याची परात आणि तळहातात मावेल एवढं, गारंबीच्या रानवेलीचं बी, एवढंच. "ही बुडत न्हाई. कड्यावरून ओढ्यात पडली की कोकणात जाती, मग समुद्राचे प्रवाह तिला लई लांब नेत्यात."

बाहेरून आलेले परीक्षक हसले. "कुणाला येडं बनवती गं? आंबेगाव तालुक्यात कुठाय समुद्र?"

मला माझ्या कॉन्व्हेंटमधल्या आयरिश सिस्टर आठवल्या. त्यांच्या गावच्या किनाऱ्याला लागलेलं असंच तपकिरी बी त्या खिशात बाळगायच्या. अटलांटिकपलीकडच्या वेलीचं बी, प्रवाहाबरोबर महिनोन्‌महिने तरंगत आलेलं. आम्ही मुली ते आळीपाळीने गालाला लावायचो.

नव्वदच्या सुमारास मी इथे भूगोल शिकवायला आले, तेव्हा याच मुलीच्या आत्याने वर्गात तस्संच बी माझ्या हातात ठेवलं. "घ्या बाई, रानात लई पडत्यात. गालगुंडावर उगाळून लावत्यात." मी ते गालाला लावलं. मग महिनाभर मी समुद्राच्या प्रवाहांशिवाय दुसरं काही शिकवलंच नाही. आठवतंय ना, आळशांनो?

पोरगी परात काखेत मारून एसटीत बसली. "पुढल्या साली न्हाई येणार, बाई."

मंडळी, हे परीक्षकांपर्यंत पोचवा. परीक्षकसाहेब, ती चुकली असेल तर कुठे, हे मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. चूक तुमची असेल तर तेही. पत्र मला नको. तिच्या नावाने, आहुप्याच्या पत्त्यावर पाठवा.