देवीचे गाल

आमच्या गावदेवीचा मुखवटा काशाचा आहे. जत्रेआधी त्याचा जुना रंग काढून नवा देण्याचा मान आमच्या घराचा. मान म्हणजे एक नारळ आणि भरपूर कटकट. तरी तो दुसऱ्या कोणाला जावा असं मला कधी वाटलं नाही. गेल्या वर्षी माझा हात थरथरायला लागला. देवीचा डोळा कपाळावर गेला असता, म्हणून यंदा ब्रश सुनेला दिला. जत्रेच्या कमिटीचा अध्यक्ष लगेच म्हणाला, "काकी, यंदा बिघडलं तर पुढच्या टायमाला मुरबाडच्या पेंटरकडं टाकू."

काम अवघड नाही, पण त्याला घाई चालत नाही. जुना रंग खरवडायचा, चिंचेने घासायचं, सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचं, उन्हात वाळवायचं. मग पॉलिशपेपर फिरवायचा, म्हणजे रंग धरतो. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचं तेल लागलं की रंग चिकटत नाही. सुनेने सगळं नीट केलं. मी समोरच बसले होते, खोड काढायला जागा मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत तोंडाला पिवळा रंग देऊन, डोळे काढून झाले.

सकाळी तिने ओल्या फडक्याने धूळ पुसली, तर दोन्ही गालांचा रंग सायीसारखा सुटून आला. खाली बोटं उमटलेली.

तेवढ्यात अध्यक्ष पालखी घेऊन दारात. "अगो, देवीच्या कानफडात कोणी मारली?"

विहीणबाई जत्रेला धसईहून आल्या होत्या. त्या चुलीपासून उठल्या. "मारीन कशाला? काल रंगाच्या आधी तुमी दोघी नळावर गेल्या, तवा माझे वडे चालले होते. देवी अशी चकचकत होती, म्हणून गालांवरून हात फिरवून अलाबला घेतली." आणि निघालेला रंग बोटाने चेपायला पुन्हा पुढे झाल्या. हात तसेच तेलाचे.

विहिणीला कोण बोलणार?

सून बोलली. "आये, हात पाठी घे. उंबऱ्याबाहेर बस." मग अध्यक्षाकडे वळून, "भावजी, पालखी आंब्याखाली ठेवा. चहा घ्या."

"टाइम काय झालाय?"

"रंग नाय देत आता. गाल उघडेच ठेवते."

तिने दोन्ही गाल खरवडून पार काशापर्यंत आणले, चिंचेने घासले, पुसून कोरडे केले. डोळे, ओठ, कपाळ यांना हात लावला नाही. पालखी उठली तेव्हा गालांवर ऊन पडलं होतं. एक म्हातारा कुरकुरला, "अर्धीच रंगवली." बाया म्हणाल्या, "यंदा देवी उजळली गो."

संध्याकाळी अध्यक्षाने नारळ आणला तो सुनेच्या हातात दिला. "वहिनी, पुढल्या वर्षी पण गाल असेच ठेव." पेंटरचं नाव काढलं नाही.

विहीणबाई ओटीवरच होत्या, उंबऱ्याबाहेर, हात पदरात गुंडाळून. सून म्हणाली, "आये, ये आता आत. नारळ फोड."