साडेपाच मिळवा

“सून गुणाची आहे हो, पण बोलतच नाही. घरातलं घड्याळ तरी टिकटिक करतं.”

सासूबाई हे आमच्या दारात उभ्या असलेल्या तांडेलकाकूंना सांगत होत्या. मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होते, ती जिन्याच्या वळणावरच थांबले. पुढे जावं तर ऐकलं असं दिसणार, मागे फिरावं तर बांगड्या वाजणार. बोलणं भाजीच्या भावावर आलं तेव्हा मी घसा खाकरून खाली उतरले.

खरं म्हणजे आमच्या ठाकुर्लीच्या घरात टिकटिक करणारी घड्याळं दोन आहेत आणि बोलणारी माणसंही दोन. त्यात तिसऱ्याला जागा नाही. अशा घरात किस्से माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे साठत जातात. पुढच्या आठवड्यात हे घरी येताहेत, तेव्हा आता ते डबे खाली काढून पुसायला हरकत नाही.

हे जहाजावर रेडिओ ऑफिसर आहेत. लग्नानंतर महिनाभरात गेले. जायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाशेजारी दुसरं घड्याळ टांगून त्याखाली ‘जहाज’ अशी चिठ्ठी लावली. “जहाज पुढे सरकतं तसं डेकवरचं घड्याळ बदलत राहतं. त्याच्या नादी लागू नका,” असं आईला समजावलं. “रेडिओरूममध्ये आणि ह्या घड्याळात मात्र एकच वेळ, जीएमटी. ती कधी बदलत नाही. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ.”

सासूबाईंनी त्या घड्याळाला हळदकुंकू लावलं.

*

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, हे गणित फार आवडलं. मोहने गावच्या कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट बदलत काढलेला माणूस. वेळेशी झटापट करायची सवय. रिटायर झाल्यावर ती सवय कुठे ठेवायची हा प्रश्नच होता, तो मुलाने सोडवला.

बाबांनी मग दूधवाल्याला शिकवलं, पेपरवाल्याला शिकवलं, आणि मला तर रोज जेवणानंतर.

“सूनबाई, जहाजावर चौदाशे, म्हणजे दुपारचे दोन वाजले. आपल्याकडे किती?”

मी तोंड उघडायची, की बाबा म्हणायचे, “साडेसात! संध्याकाळचे!”

माझं तोंड तसंच अर्धवट उघडं. सासूबाई म्हणायच्या, “अहो, जांभया येताहेत तिला. सोडा आता.”

असं दोन महिने चाललं. उत्तर मला रोज येत होतं. जांभई एकदाही आली नाही.

*

विठ्ठलवाडीचे मामा, म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, एका रविवारी जेवायला आले. साडेबाराला जेवले, आमटीचे भुरके मारले आणि बाहेरच्या खोलीत आडवे झाले. उठले ते साडेपाचला. समोर जहाजाचं घड्याळ. त्यात बरोबर बारा.

मामा चूळ भरून आले आणि पाटावर बसले.

“चला, बारा वाजले. पानं घेताय ना?”

सासूबाईंनी बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. तो हलत होता. थोरल्या भावाला तोंडावर “तू जेवलास” कसं म्हणायचं? सासूबाईंनी मला खूण केली. मी पान वाढलं.

मामा शांतपणे जेवले. हात धुताना म्हणाले, “गंमत बघ. मगाशी डोळा लागला तर स्वप्नातसुद्धा हीच आमटी होती.”

*

सासूबाईंनी ह्यांच्याकडून संकष्टीचा उपास करायचं वचन घेतलं होतं. पण समुद्रात चंद्रोदय कधी, हे कॅलेंडरात नव्हतं. बाबा म्हणाले, त्यात काय. आपल्याकडे रात्री साडेनऊ, त्यातून साडेपाच काढा, राहिले चार. सासूबाईंनी पत्रात घातलं, ‘चार वाजता चंद्राला नमस्कार करून उपास सोड. घड्याळ जहाजाचं धर.’

ह्यांचं जहाज तेव्हा अमेरिकेच्या बाजूला होतं. उत्तर आलं, ‘आई, चारला इथे भर दुपार होती. डेकवर जाऊन आकाश धुंडाळलं. कॅप्टनने विचारलं, काय हरवलं? म्हटलं, आईने चंद्र पाठवलाय, अजून पोचला नाही.’

बाबांनी पत्र दोनदा वाचलं.

“माझा हिशेब बरोबर होता,” ते म्हणाले. “चंद्र चुकला.”

*

आमच्याकडे फोन नाही. तो तळमजल्यावर तांडेलकाकूंकडे. काकू खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. आवाज असा की वर निरोप द्यायला जिना चढावा लागत नाही.

ह्यांनी कळवलं, ‘सिंगापूरहून फोन करीन. शनिवारी, तेवीस-तीस जीएमटी.’

बाबांनी बोटं मोजली. “साडेतेवीसमध्ये साडेपाच मिळवले. एकोणतीस. चोवीस वजा. पाच. शनिवारी पहाटे पाच.”

शनिवारी पहाटे आम्ही तिघं काकूंच्या हॉलमध्ये. सासूबाईंनी ठेवणीतलं पातळ नेसलेलं, जसा काही फोनमधून मुलगा बघणारच होता. पाच वाजले, सहा वाजले. फोन गप्प. काकूंनी दोनदा चहा केला.

“भरती पन रोज पाऊण तास उशिरानं येते,” काकू सासूबाईंना म्हणाल्या. “पन येते गो बाय. नको डोळं पुसू.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाचच्या ठोक्याला काकूंकडे फोन खणखणला. काकू हाक मारायला दार उघडतात, तर मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेली.

“हॅलो, कोण?” हे म्हणाले.

“मी.”

“बाकीचे?”

“झोपलेत.”

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. तेवढं फार छान होतं.

सासूबाई केस सावरत धावत आल्या तोवर तीन मिनिटं संपली होती. “हिला बरं कळलं आज येणार ते!” त्या काकूंना म्हणाल्या. “नव्या नवरीला झोप नसते, दुसरं काय.” बाबा मात्र वर जाऊन कितीतरी वेळ कॅलेंडरासमोर उभे राहिले. संध्याकाळी पेपरवाल्याला नवीन नियम मिळाला, “साडेपाच मिळवा, आणि बारा ओलांडले रात्रीचे, तर वारही बदला.”

*

शेवटचा किस्सा गेल्या महिन्यातला. हा सांगताना सासूबाई मधेच थांबून अजूनही एकदा जहाजाच्या घड्याळाकडे बघून घेतात.

हे तेव्हा आखाती समुद्रात होते. तिथे लढाई चालूच. दुपारी जेवणं आटोपत होती आणि रेडिओवर बातमी आली, आखातात एका तेलवाहू जहाजावर हल्ला, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेआठच्या सुमारास. जहाजाचं नाव नाही.

ह्यांचं जहाज तेलाचंच. ताटं तशीच टाकून आम्ही खाली गेलो.

बाबा ह्यांच्या कंपनीच्या ऑफिसचा नंबर फिरवत राहिले. एंगेज. पुन्हा एंगेज. काकूंनी सासूबाईंना पलंगावर बसवलं. मी दाराला टेकून उभी. किती वेळ गेला कोण जाणे, एकदाचा नंबर लागला. खरखर इतकी की पलीकडचा माणूस ओरडत होता आणि आम्हालाही ऐकू येत होतं.

“शेवटचा मेसेज ओ-सिक्स-हंड्रेड. ऑल वेल. पुढचं अजून...” लाइन कटली.

बाबांनी रिसीव्हर ठेवला.

“सहाचा मेसेज आहे,” ते म्हणाले. “तेव्हा सगळं ठीक होतं.”

“आणि हल्ला?” सासूबाईंनी विचारलं.

“साडेआठचा.”

“म्हणजे त्याच्या आधीचं ठीक. नंतरचं?”

मी बाबांकडे बघत राहिले. आत्ता म्हणतील, नेहमीसारखे माझ्या आधी म्हणतील. पण अख्ख्या ठाकुर्लीला शिकवलेलं गणित त्या माणसाला त्या दुपारी आठवत नव्हतं. ते नुसते फोनकडे बघत होते.

“साडेअकरा,” मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही.

“साडेअकरा,” मी परत म्हटलं.

सासूबाईंनी मान वर केली. “काय पुटपुटतेस? मोठ्यानं बोल ना गं एकदा तरी!”

मग मी मोठ्यानं बोलले. काकू सांगतात, गच्चीपर्यंत ऐकू गेलं.

“बाबा, सहा जीएमटी! साडेपाच मिळवायचे राहिले. साडेअकराला ठीक होते ते!”