बाहेरच्या खोलीतला घाट

आमचे हे सव्वीस वर्षं ट्रकवर होते. माल उतरवण्याच्या ठिकाणी पोचले की फोन यायचा. बोलणं एकाच शब्दाचं, "पोचलो." मी विचारायची, "जेवलात?" तिकडून "बघतो" आलं की फोन बंद. ह्यांच्या मते एवढ्यात संसार बोलून झाला!

मग साखरेने डोळे अधू केले, डॉक्टरांनी गाडी बंद करायला लावली आणि ट्रक विकला. त्यानंतर हा माणूस दिवसभर ओट्यावर बसून रिकाम्या अंगणाकडे बघायचा. टायरच्या खुणांवर झाडूसुद्धा मारू देईना. मुंबईत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीला ते बघवलं नाही. तिने आपला जुना गेमिंग कॉम्प्युटर आणि एक खेळातलं स्टीअरिंग रेवसच्या लाँचमधून आणून बाहेरच्या खोलीत मांडलं. खेळ कसला, तर ट्रक चालवायचा.

झालं! रोज सकाळी चहा घेऊन, खांद्यावर पंचा टाकून हे "गाडीवर" निघायचे. ओटा ते बाहेरची खोली, बारा पावलांचा प्रवास. रस्ते परदेशातले, पण समोरच्या गोऱ्या ड्रायव्हरला शिव्या मात्र आमच्या खाडीकडच्या. ह्यांनी स्टीअरिंगला लिंबू-मिरची बांधली, आणि पूर्वी खरा ट्रक निघताना मी त्याच्यापुढे उदबत्ती लावायची तशी आता कॉम्प्युटरपुढेही लावू लागले. सवयच ती.

पण गाडी एकदाही मुक्कामाला लागेना. सपाटीवर सुसाट जायची आणि घाट सुरू झाला की फटकन पडदा काळा. कॉम्प्युटरच बंद!

"व्होल्टेज," हे म्हणाले. स्टॅबिलायझर आणला. घाट आला, पडदा काळा. मग अलिबागहून दुरुस्तीवाला आला. "खारी हवा, काकी," म्हणाला, आतली एक पट्टी काढून खोडरबराने घासून परत बसवली, दोन कप चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी कशाला सोडते? "अवो, तुमच्या शिव्या ऐकून बंद पडत असंल ती," मी म्हणायची. "घाटात जरा तोंडाला ब्रेक लावा." हेही हसायचे.

एक दिवस हसले नाहीत. पंचा काढून मांडीवर ठेवला. "माझा हातच गेलाय गं. खरी गाडी गेली, आता खोटीपन चालत न्हाय. पोरीला सांग, रविवारी येऊन घेऊन जा."

पुन्हा तो ओटा, पुन्हा ते अंगण. ते मला नको होतं. मी तडक लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, डोंगर-झाडं दाखवताना मशीनला जोर लागतो, ते तापतं," ती म्हणाली. "फार तापलं की जळू नये म्हणून आपोआप बंद होतं. बाबांच्या हाताचा काही संबंध नाही. हवा आत घ्यायची जाळी पुढे खाली आहे, ती काढ बरं."

मी जाळी ओढून काढली. तिच्यावर राखेचा आणि काळ्या चिकट काजळीचा जाड थर. हवा जायला सुईएवढी जागा नाही. आणि वास कसला, तर मोगऱ्याचा!

फोनवरून लेकीने आणि इथून ह्यांनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

अगं बाई! अडीच महिने रोज मी त्या मशीनच्या नाकाशी उदबत्ती लावत होते, आणि ते बिचारं सगळा धूर आत ओढत होतं. गाडी सुखरूप पोचावी म्हणून हात जोडायची, आणि घाटात तिला अडवत होते ती मीच.

"सव्वीस वर्सं ट्रक वाचला," हे म्हणाले, "कारन त्याचं नाक उंच व्हतं." आणि पोट धरून हसायला लागले. मला हसूही येत होतं आणि रडूही. इतक्या दिवसांत ते असे हसले नव्हते.

जाळी साबणाच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, आतला पंखा ब्रशने साफ केला. दुसऱ्या सकाळी उदबत्ती तुळशीपुढे लावली आणि मुकाट्याने स्वयंपाकाला लागले. बाहेरून शिव्या ऐकू येत होत्या, म्हणजे गाडी चालू होती. मग शिव्याही थांबल्या. पुन्हा बंद पडली की काय?

बाहेर ओट्यावर ठेवलेला माझा फोन वाजला. ह्यांचाच. बारा पावलांवरून.

"पोचलो," ते म्हणाले.

खरं तर चांगलं टोचून बोलणार होते. पण सवयीने तोंडातून निघालं, "जेवलात?"

"न्हाय अजून."

सव्वीस वर्षांत त्या फोनवर जे कधी बोलता आलं नव्हतं, ते मी त्या दिवशी बोलले. "मग या. ताट वाढते."