आभाळातली तीट

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, नाहीतर चहा सांडेल. माझ्या या एका बोटानं चार माणसांचं आभाळातलं काम कसं काळं केलं, ते सांगतो.

मुरबाडच्या पलीकडं आमचा पाडा. मागं सिद्धगड, पुढं माळ. त्या माळावर एका कारखान्यानं छोट्या विमानासाठी पट्टी केली होती. एका वर्षी भात झोडून झालं आणि मुंबईची मंडळी तिथं आली. कशाला? तर विमानातून उड्या मारायला! बरं, नुसत्या उड्या नाहीत. छत्री उघडायच्या आधी, पडता पडता, चौघांनी एकमेकांचे हात धरायचे, सोडायचे, पुन्हा वेगळे धरायचे. फुगडीच म्हणा ना! आणि पाचवी रेवती. तिच्या टोपावर कॅमेरा. तिनंही सोबत पडायचं आणि वरून चौघांची फिल्म घ्यायची.

रेवती आमच्याच घरी उतरली होती. पोर गुणी, पण ताटातलं अन्न चिवडत बसायची.

"काय गो बाय, भाकर कडक झाली काय?"

"नाही बाबा. लेन्सचं ठरत नाही माझं."

तिच्याकडं कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवायची दोन भिंगं. एकात माणसं मोठी दिसायची, पण ही जरा सरकली की कुणाचा तरी हात चित्राबाहेर. दुसरं रुंद. त्यात सगळे मावायचे, पण लहान दिसायचे, म्हणजे हिला त्यांच्या फार जवळ राहून पडावं लागणार. फिल्म बघूनच पुढच्या स्पर्धेसाठी निवड होणार होती. जो हात फिल्ममध्ये दिसला नाही, तो धरलाच नाही असं मानायचे. चौघांची सगळी मेहनत हिच्या टोपावर! घास उतरणार कसा?

दुसऱ्या दिवशी चौघं आमच्या खळ्यावर पालथे पडून, हातात हात घालून सराव करायला लागले. रेवती राखणीच्या माळ्यावर चढून कधी या भिंगातून बघतेय, कधी त्या. आमची म्हातारी हातातलं सूप टाकून धावत आली.

"अगो बाय! चौघांच्या एकदम अंगात आलं? नारळ आणू काय?"

"गप गो. सराव चाललाय त्यांचा."

"पालथं पडायला सराव लागतो?"

तेवढ्यात रेवतीनं वरून विचारलं, "बाबा, तुम्ही सांगा. कुठली लावू?"

आता मला अंगठेबहाद्दराला असं कोण विचारतं हो? पण खरं सांगू, या बाबतीत मी पोळलेला माणूस. माझ्या पोरीच्या लग्नाचा फोटो भिंतीवर आहे. सगळं गणगोत आलंय त्यात. मी कडेला उभा होतो. माझं नुसतं कोपर आलंय!

"रुंद घे," मी म्हटलं. "कडेचा माणूस पण कुणाचा तरी बाप असतो."

ती हसली आणि तिनं रुंद भिंग बसवलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली, आणि माझं जेवण गेलं. उद्या बिनसलं तर कुणाच्या सांगण्यानं? माझ्याच ना!

उडीच्या दिवशी अख्खा पाडा माळावर. चौघं एकमेकांचं सामान तपासत होते. "पट्टा?" "ठीक." "छत्री?" "ठीक." रेवतीनं भिंग लख्ख पुसलं, टोप चढवला आणि माझ्या पाया पडायला वाकली. एवढी माणसं टक लावून बघतायत, आणि पोरीला साधी तीट नाही! मी म्हातारीच्या डबीतलं काजळ बोटावर घेऊनच आलो होतो. पण लावू कुठं? गाल टोपात, कान टोपात. समोर काय, तर ते चकाकतं भिंग. सगळ्यांची नजर पहिली तिथंच जाणार! लावली. अगदी कडेला हो, मोहरीएवढी. कडेचं कोण बघतं?

विमान वर गेलं. ऊन अडवायला मी कपाळावर हात धरला, आणि ते काळं बोट डोळ्यांसमोर आलं.

कडेचं कोण बघतं? अरे, कडेचं दिसावं म्हणूनच तर तू ते भिंग लावायला सांगितलंस!

मी आभाळाकडं बघून ओरडलो, "ओ, थांबा! खाली या!"

म्हातारी म्हणाली, "येतायत की. दुसरं काय करणार ते?"

आले. त्यांचा कप्तान शेखर नाचतच आला. "बाबा, एक हात चुकला नाही!" मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं मला उचलूनच घेतलं. उचललेल्या माणसानं काय बोलावं?

सरपंचांच्या टीव्हीवर टेप लावली. ते वीजकपातीचे दिवस. त्या वेळेला वीज रोज जायचीच. मी मनात म्हणतोय, जा गो बाय, आजच्या दिवस जा. नाय गेली!

चित्र आलं. चौघं अगदी छान मावले होते. आणि वरच्या कोपऱ्यात एक काळा गोळा.

"घार आहे का ती?" शेखर म्हणाला.

"घार एवढा वेळ सोबत पडेल?" रेवती म्हणाली.

शेवटी चौघं गर्रकन फिरले आणि शेखरचा हात नेमका त्या गोळ्यामागं गेला.

"मी धरला होता!"

"पण दिसत नाही ना!"

रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हळूच बोट वर केलं.

म्हातारीनं बोट बघितलं, टीव्ही बघितला, कपाळावर हात मारला. "पोरीच्या लग्नात कोपर, हितं बोट! एकदा तरी अख्खे या वो फोटूत!"

आधी रेवतीला हसू फुटलं. शेखरला जरा उशिरा. विमान सकाळी परत जाणार होतं, पण जायच्या आधी एक फेरी मारायला वैमानिक तयार झाला.

सकाळी पुन्हा माळावर. "पट्टा?" "ठीक." "छत्री?" "ठीक." "भिंग?" "लख्ख."

मग शेखर माझ्याकडं वळला. "बाबांचं बोट?"

मी दोन्ही हात पुढं केले. शाळेत पोरांची नखं बघतात तसं रेवतीनं एकेक बोट उलटंपालटं करून बघितलं. मी शाळेत कधी गेलो नव्हतो. तेवढं राहिलं होतं, तेही झालं.

या खेपेला सगळे हात दिसले. चौघांची निवड झाली. रेवती अजून कधीतरी घरी येते. सांगते, कुठल्याही गावी उडी असली तरी पट्टा, छत्री, भिंग झालं की शेखर विचारतोच, "बाबांचं बोट?"

आणि "मुरबाडला आहे" असं उत्तर आलं, की मगच सगळे विमानात चढतात.