ग्राफमधला एक ठिपका

मी सायकॉलॉजीत एमए करतेय. घरात माणसं जास्त असली की एकटेपणा कमी असतो का, हे प्रोजेक्टसाठी फॉर्म भरून घेऊन तपासत होते. फॉर्मवर नाव नव्हतं. आईनेच ते काळाचौकीच्या आमच्या चाळीत, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांकडून भरून घेतले.

आज ग्राफ काढला. कोरिलेशन छान आलं: माणसं जास्त, तिथे एकटेपणा कमी. एकच ठिपका सगळ्यांपासून लांब होता. घरात सात माणसं, आणि एकटेपणा सगळ्यात जास्त.

माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "चुकून भरलं असेल, काढून टाक."

खात्री करायला फॉर्म शोधला. अक्षर आईचं होतं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "जमलं का गं तुझं गणित?" मी नुसतं हो म्हटलं.

त्या सात माणसांत मीही आहे. आता तिच्याशी बोलायला सुरुवात कुठून करू?