पहिलं ग्रिल आणि चुकीचं पोतं

जतच्या स्टँडवर विजापूरची गाडी लागली तेव्हा माझी पिशवी दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात होती. मी सीटवर जाऊन बसलो तरी त्यांनी ती सोडली नव्हती. शेवटी खिडकीतून आत ढकलली, आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना बघितलं आणि वडिलांनी मुलाला सांगावं तसं नाही, चोरानं चोराला सांगावं तसं हळूच म्हणाले, "नववी नापास म्हणून सांगत बसू नकोस कुणाला. शिकत होतो म्हण. खोटं नाही ते." आई मागं उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पोचलास की फोन."

विजापुरात रेल्वे धरली. यशवंतपूरला उतरलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि कन्नडमधलं एक अक्षर येत नव्हतं. आज मला कन्नडमध्ये भांडता येतं. पण दादांचं ते वाक्य मी इतकी वर्षं इतकं नीट पाळलं, की त्यानं एकदा माझ्या हातून पंचवीस-तीस माणसांना भलतंच खायला घातलं असतं. गावाकडून फोनवर विचारता ना, "कोंबडी भाजायला मशीन कशाला लागतंय रे तुला?" म्हणून सगळं लिहून काढतोय. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांनी वाचून हसावं, पण पोतं नीट बघून घ्यावं.

पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात, कापड रंगवायच्या एका कारखान्यात मला काम मिळालं, बॉयलरवर हेल्पर. तिथला ऑपरेटर रमेशण्णा, निपाणीकडचा. मराठी बोलणारा माणूस भेटला म्हणून मला रडूच यायचं बाकी होतं. त्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "किती शिकलास?" मी म्हणालो, "शिकत होतो." तो म्हणाला, "मग आता हे शीक. ही पाण्याची काच. ह्यात पाणी दिसेनासं झालं तर पळायचं नाही, हात लावायचा नाही, मला हाक मारायची." शाळेत मला असं सरळ कुणी काही सांगितलं असतं तर मी कदाचित पास झालो असतो.

अकरा वर्षं त्या बॉयलरच्या तोंडात मी पेलेट टाकले. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्याएवढ्या कांड्या. ओल धरलेलं पोतं मी नुसतं उचलून ओळखायचो. जगात एकच विषय होता ज्यात मी नापास नव्हतो, तो हा. मग मालकानं आपोआप पेलेट ओढून घेणारा मोठा स्क्रू बसवला आणि माझं काम संपलं. अण्णानं दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला, पण सगळीकडं तसले स्क्रू बसत होते.

तोवर माझं लग्न झालं होतं. शोभाला देवनहळ्ळीच्या पुढं एका व्हिलावाल्या लेआउटमध्ये, म्हणजे बंगल्यांच्या वसाहतीत, दोन घरी स्वयंपाकाचं काम लागलं, म्हणून आम्ही देवनहळ्ळीत खोली घेतली. मी मिळेल ते काम करायचो आणि रविवारी खोलीपुढं अर्ध्या पिंपात कोळसा पेटवून कोंबडी भाजायचो. आमचंच वाटण, काळा मसाला, वर लिंबू. एकदा शोभानं त्यातली थोडी डब्यातून मुग्धाताईंकडं नेली. मुग्धाताई त्या दोन घरांपैकी एका घरच्या, मूळच्या पुण्याच्या, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"दत्ता, पुढच्या रविवारी क्लबहाउसच्या लॉनवर आमचं लंच आहे, पंचवीस-तीस लोक. तुम्ही करा. लोकांना आवडलं तर दर रविवारी तिथंच स्टॉल लावा, मी कमिटीशी बोलते. फक्त कोळसा, लाकूड अलाउड नाही. ठिणग्या, राख, कंप्लेंट्स. पेलेट ग्रिल चालतं. जमेल ना?"

मी "हो" म्हणालो. ग्रिल बघितलेलंसुद्धा नव्हतं.

शोभाची भिशी लागली होती. आमचं बजेट म्हणजे तेवढंच. परदेशी ग्रिलं मोबाईलवर बघितली आणि मोबाईल बंद केला. यशवंतपूरला एका दुकानात एक स्वस्त आणि नवंकोरं होतं. मी त्याच्या झाकणावर बोटानं टिचकी मारली, तर बिस्किटाच्या डब्यासारखं वाजलं. पातळ पत्र्यात उष्णता टिकत नाही, वारा आला की आच पडते, हे सांगायला मला कुणी लागत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "मोबाईलवरनं चालतं हे." मी म्हणालो, "मोबाईलवरनं चालेल, पण भाजेल का?"

तिसरं मिळालं ते देवनहळ्ळीतच. एक हॉटेल बंद पडलं होतं, त्यांचं वापरलेलं ग्रिल. जाड पत्रा, दोघांनी उचलावं लागेल असं वजन. मी झाकणात वर्तमानपत्राची पट्टी धरून चारी बाजूंनी ओढून बघितली. कुठंच सहज सुटली नाही, म्हणजे झाकण घट्ट. तळाची जाळाची वाटी जरा गंजानं खाल्लेली होती, पण चालण्यासारखी. मग आतलं बटण दाबलं आणि पेटीखालचा स्क्रू कुरकुरत फिरायला लागला. मला हसू आलं. ज्यानं माझी नोकरी खाल्ली त्याचंच हे पिल्लू. पेलेट पेटीतून थोडे थोडे पुढं ढकलायचे, पंख्यानं वारा द्यायचा, झाकणाखाली आच धरून ठेवायची. छोटा बॉयलरच की! विकणाऱ्याकडं पेलेट नव्हते, त्यामुळं पेटवून बघता आलं नाही. तरी घेतलं.

खायच्या ग्रिलसाठी पेलेट वेगळे मिळतात हे मला माहीत होतं. मोबाईलवर त्यांच्या रंगीत पिशव्या दिसायच्या, वर इंग्रजीत झाडांची नावं. मागवले तर आठवडा लागणार होता. आणि खरं सांगायचं तर मला ते श्रीमंतांचे लाड वाटले. पेलेट म्हणजे पेलेट. ह्यातलं मला कुणी शिकवायचं?

पीण्याला गेलो. अण्णा म्हणाला, "घेऊन जा एक पोतं, मी स्टोअरला सांगतो. कशाला पाहिजे?"

इथं मी दादांचं ऐकलं. ग्रिल घेतलंय, स्टॉल टाकतोय, असं सांगितलं आणि उद्या फसलं तर? पुन्हा नापास म्हणून कारखानाभर हसतील. मी म्हणालो, "घरी, शेगडीला. पाणी तापवायला."

"जपून रे स्वल्प," अण्णा त्याच्या कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाला आणि पोतं माझ्या पाठीवर चढवायला हात दिला.

शनिवारी सकाळी पहिल्यांदा पेटवलं. पाच मिनिटांत जाळ धरला, काटा हव्या त्या आकड्यावर येऊन थांबला. तशी आच मी अर्ध्या पिंपात जन्मात धरली नसती. कोंबडी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर असा तांबूस रंग चढला होता की मी आईला फोटो पाठवला. दोन तुकडे उभ्याउभ्याच खाल्ले. घाईत, आनंदात. मग शोभानं एक घास घेतला, चावायची थांबली आणि तोंड धुऊन आली.

"कपाटासारखं लागतंय."

"कसल्या कपाटासारखं?"

"मुग्धाताईंच्याकडं नवीन कपाट केलं ना, ते उघडलं की येतो तसला वास. घशात चरचरतंय."

"मसाला करपला असंल."

"मसाला मी केलाय," शोभा म्हणाली. "अण्णांना फोन लाव."

मी नाही म्हणालो. तिनंच लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मला सगळं सांगावं लागलं, ग्रिल, स्टॉल, रविवार.

"दत्तू, तू त्याच्यावर खायचं भाजलंस?"

"हो."

"अरे, फर्निचरवाल्यांचा भुसा असतो रे त्यात. प्लायवूड, गोंद, पॉलिश, सगळं. बॉयलरचा धूर चिमणीतनं जातो, आपण खातोय का तो? मला विचारायचं नाहीस? पाणी तापवायला म्हणालास तू मला!" मग आवाज खाली आला. "कुणी खाल्लं?"

"मी. दोन तुकडे. शोभानं घास थुंकून टाकला."

"उद्या पोरं असतील तिथं?"

होती. पंचवीस-तीस माणसांत निदान दहा पोरं.

अकरा वर्षं मी त्या पोत्यांवर बसून डबा खाल्ला होता. आत काय असतं हे एकदाही विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर माहीत नाही हे कळतं. सगळ्यात वाईट सांगतो. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात आलं, की लिंबू जास्त पिळलं, मसाला वाढवला तर एका दिवसात कुणाला कळणार नाही. तेवढ्यानं कुणी मरत नाही. स्टॉल तर मिळेल. पुढच्या वेळेपासून चांगले पेलेट आणू. हे मी शोभाला बोलून दाखवलं नाही, पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि पायात चप्पल घातली. "चला," म्हणाली. "फोनवर नको. दारात जाऊन सांगू."

जाताना मला फक्त शोभाची दोन कामं दिसत होती. माझ्यामुळं तीही गेली तर खोलीचं भाडं गेलं आणि मग परत जतची गाडी. लेआउटच्या गेटवर वॉचमननं वहीत नाव लिहायला सांगितलं, तेव्हा माझं स्वतःचं नाव दोनदा खोडलं.

मुग्धाताई कानाला हेडफोन लावून होत्या. बोटानं एक मिनिट थांबा म्हणाल्या. ते मिनिट संपता संपेना. मग मी सगळं सांगितलं. पोतं, भुसा, गोंद. आणि कुणी विचारलं नसताना हेही सांगून टाकलं, की मी नववी नापास आहे, मोबाईलवर ते वेगळे पेलेट दिसले होते पण मला मोठेपणा आला होता.

त्या चिडल्या. चिडायलाच पाहिजे होतं. "उद्या लंच आहे दत्ता! मी सगळ्यांना मेसेज टाकलेत." इकडून तिकडं फेऱ्या मारल्या. मग थांबून विचारलं, "आणि शोभाला वास आला नसता तर?"

"तर उद्या तुम्ही पोरांना वाढलं असतं, ताई."

त्यांनी शोभाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "उद्याचं मी बाहेरून मागवते. तुम्ही येऊ नका." आम्ही वळलो. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "पंधरा दिवसांनी मला ट्रायल द्या. पण पिशवी माझ्यासमोर फोडायची. आणि शोभा, सोमवारी नेहमीच्या वेळेला ये."

गेटच्या बाहेर येऊन मी फुटपाथवर बसलो. शोभा म्हणाली, "उठा, लोक बघतायत." पण तीही बसली.

मंगळवारी अण्णाची सुट्टी असते. तो दोन बस बदलून, पिशवीत तारेचा ब्रश आणि जाड स्टीलच्या पत्र्याची स्वतः बनवलेली नवीन वाटी घेऊन आला. दिवसभर शिव्या देत त्यानं ते ग्रिल सुटं केलं. जाळ्या फेकून दिल्या, आतली काजळी पत्रा दिसेपर्यंत खरवडली. "माझं नाव घालवणार होतास तू. बॉयलरचा माणूस म्हणे!" जेवताना त्यानं सहज सांगितलं, की तो स्वतः सातवीतून पळालाय. शोभा इतकी हसली की तिला ठसका लागला. मी हसलो नाही. अकरा वर्षं दोघं एका काचेकडं बघत बसलो होतो आणि दोघांनी एकमेकांपासून हेच लपवलं होतं.

झाडांच्या नावांचे ते पेलेट मागवले, ट्रायल झाली, स्टॉल लागला. अजून पोट भरण्याइतकं होत नाही, भीतीही गेलेली नाही. आई फोनवर विचारते, "आता परत कधी येणार घरी?" दिवाळीला, असं मी म्हणतो. ते घर आहेच, तिथं मला कुणी काही विचारत नाही, आल्या आल्या ताट पुढं येतं. पण मधल्या काळात इथंही एक घर तयार झालंय, आणि ते खोलीत नाही, त्या लॉनच्या कोपऱ्यात आहे. सुट्टी जुळली की अण्णा तिथं येतो. मी नवीन पिशवी फोडतो, मूठभर पेलेट त्याच्या हातावर ठेवतो. तो नाकाजवळ नेतो, शोभापुढं धरतो, ती वास घेते. मुग्धाताई असल्या तर त्याही. सगळ्यांनी मान हलवल्याशिवाय मी बटण दाबत नाही.