टँकरनानांची भीती

टँकरनानांइतका भित्रा माणूस आमच्या गावात दुसरा झाला नाही. भिंतीवर पाल दिसली की ताट उचलून ओट्यावर जायचे. वीज कडाडली की मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यात ठेवायचे. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली, पण घाट लागला की डोळे मिटून बसायचे, हे तेच सांगत. आणि हाच माणूस सातपुड्यातल्या अभयारण्यात वाघाला पाणी मिळावं म्हणून गावोगाव मागत हिंडायचा. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. "नाना, वाघावर एवढं प्रेम कुठून आलं?" असं मी एकदा चिडवलं, तर ते गंभीरच झाले.

"प्रेम कसानं बेटा? माले भ्याव वाटस, म्हनीसन तर मांगस. वाघले तठेच पानी भेटनं, ते तो आठे कसाले यी?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, डोंगर आणि केळीच्या मधोमध. चैत्र सरला की डोंगरातले नाले आटतात. खाली केळीत मात्र ठिबकचं पाणी, गारवा आणि भरदुपारी अंधार. जनावराला आणखी काय हवं? त्याच केळीत आमच्या बायका पानं कापतात, माणसं घड उतरवतात. म्हणून जंगलातल्या पाणवठ्यांत उन्हाळाभर टँकरनं पाणी टाकायचं आणि टँकर लोकांनी द्यायचे, असं नानांनी ठरवून टाकलं होतं. टँकरबरोबर स्वतः जायचे, पण वनरक्षकाचा हात धरून. कुणी शूर गडी बरोबर यायला निघाला तर त्याला परत पाठवत. "जेले भ्याव नही, तेनासंगे मी जंगलमा जात नही," म्हणत.

मागायची जागा त्यांनी शोधली होती ती मात्र अजब. दहावा! नदीकाठी सगळा गोतावळा जमलेला, पुढाऱ्यांची श्रद्धांजली माईकवरून चाललेली. ती आटोपली की नाना उठायचे, माईक धरायचे. "गयेल मानूसना नाववर जंगलमा एक टँकर पानी. कोन देस?" सगळ्यांसमोर, तेही दहाव्याला, नाही कोण म्हणणार? कुणीतरी हात वर करायचंच. नाना पांढरा सदरा घालून घराबाहेर पडले की बाया एकमेकींना विचारायच्या, "आज कोना दहावा?"

माझे आजोबा गेले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नुसता टँकर नाही, नवा कोरा पाणवठाच जाहीर केला. फक्त तो आमच्या शेताच्या वरच्या बांधावर हवा होता. जंगल तिथून हाकेवर आणि रस्ता अगदी समोर, म्हणजे आजोबांच्या नावाची पाटी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. बायकांच्या घोळक्यातून मी नानांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा पडला. आबांच्या जवळ जाऊन ते हळूच म्हणाले, "भाऊ, रस्तावर नको. वाघ खाले यी, मंग केळीमा बसी." आबांनी नुसतं वळून पाहिलं. झालं, नाना आबांनाही भ्याले! "बरं," म्हणाले. आमच्याकडे मोठमोठी माणसं पाटीपायी अशी वेडी होतात, आणि त्यांना अडवायला भित्रा माणूस पुरत नाही.

पहिले काही दिवस लोक गाड्या थांबवून पाटीपाशी फोटो काढत. वैशाखात पाटीखालच्या ओल्या मातीत पंजे उमटले. मग एका सकाळी आई केळीत पानं कापत होती, तेव्हा दोन ओळी पलीकडून लाकडावर करवत चालावी तसा बिबट्याचा आवाज आला. विळा तिथंच टाकून, तोंड त्या बाजूला ठेवून, ती एकेक पाऊल मागं सरत बांधापर्यंत आली. तीन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. मजूर यायचे बंद झाले. मी आईला घराबाहेर पडू देत नव्हते आणि आबा मात्र "पाटी राहील" यावर अडून बसले होते.

चौथ्या दिवशी भरदुपारी नाना आमच्या अंगणात उभे राहिले. हातात सब्बल, अंग घामानं निथळलेलं, दात एकमेकांवर वाजत होते. सोबतीला कुणी नव्हतं. हा माणूस त्या बांधावर एकटा गेला होता! "पानवठा मी फोडा," ते म्हणाले. "चूक मन्हीच. मी 'बरं' म्हनाले नको व्हतं." आबा धावून गेले, पण आई मध्ये आली. तिनं नानांच्या हातातली सब्बल काढून घेतली आणि त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं. त्या दिवसापासून आबांनी नानांशी बोलणं टाकलं. नव्या पाणवठ्यासाठी नानांनी पुन्हा दहावे धुंडाळले. तो झाला खूप आत, डोंगराच्या कुशीत. मग आमच्या केळीत पुन्हा माणसं दिसू लागली.

पुढं मी धुळ्याला शिक्षिका झाले. यंदाच्या उन्हाळ्यात नानांना धुळ्यातच एका दवाखान्यात आणलं होतं. मी भेटायला गेले तर ओळखलं, पण माझी विचारपूस नाही, स्वतःच्या दुखण्याचं नाव नाही. "टँकर गया का?"

टँकर गेला नव्हता. नाना आजारी पडल्यापासून गावात दोन दहावे झाले होते आणि दोन्हीकडे मागायला कुणी उठलं नव्हतं. पण त्यांचे डोळे असे काही माझ्यावर खिळले होते की माझ्या तोंडून निघून गेलं, "गेला नाना. परवाच गेला." त्यांनी डोळे मिटले, कपाळावरची आठी मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

ते खोटं मला खाऊ लागलं. तिसऱ्याच दिवशी मी टँकर ठरवला आणि वनरक्षकाला घेऊन वर गेले. पाणवठ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. भोवतीच्या फुफाट्यात पंजेच पंजे, गोल गोल फिरलेले, आणि मग एक रांग सरळ खाली, आमच्या शेतांच्या दिशेनं. ठसे ताजे होते. मी आईला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. "काय व्हयनं व? केळीमा शे मी."

"आई, घर जाय. आतेच!" मी किंचाळले. ती घरी पोचेपर्यंत मी फोन ठेवू दिला नाही. नाना काय घेऊन जगत होते, ते मला त्या वेळात कळलं.

नानांच्या दहाव्याला श्रद्धांजली संपली. माईक तसाच उभा होता. पुरुष एकमेकांकडे पाहत होते, उठत कुणीच नव्हतं. आमच्याकडे दहाव्याला बाई माईकवर जात नाही. मी घोळक्यातून उठले आणि जाऊन माईक धरला. मागायच्या आधी खरं सांगितलं, की टँकर गेला असं मी नानांना खोटंच सांगितलं होतं आणि त्याच दिवसांत वाघ खाली उतरला होता. माझी आई तेव्हा केळीत होती. मग विचारलं, कोण देतं?

कुणी हललं नाही. मी माईक धरूनच उभी राहिले. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेल्या आबांनी, मान खालीच ठेवून, हात वर केला.